प्लस-मायनसचा तक्ता

सांगलीत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचं म्हणजे नोट्स काढाव्याच लागतात. मुलांचा पाठ्यपुस्तकापेक्षा झेरॉक्सवर विश्वास जास्त. माझ्या नोट्समधलं सगळ्यात जास्त फिरलेलं पान विशेषणांचं होतं. कागदाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे प्लस, उजवीकडे मायनस. थ्रिफ्टी डावीकडे, मायझरली उजवीकडे. स्लिम डावीकडे, स्किनी उजवीकडे. काटकसरी आणि चिकट, सडपातळ आणि काटकुळा. अर्थ जवळपास तोच, पण एक शब्द ऐकून माणूस खुलतो आणि दुसरा ऐकून तोंड फिरवतो, हे मुलांना तक्ता पाहिला की लगेच कळायचं.

पानाच्या खालच्या भागात स्त्री-पुरुषांची विशेषणं होती. डावीकडे मॅनली, वुमनली, फेमिनिन. उजवीकडे मॅनिश, वुमनिश, इफेमिनेट. नियम मी सोपा करून सांगायची. शेवटी ‘ली’ आलं की कौतुक, ‘इश’ आलं की टोमणा. चाइल्डलाइक म्हणजे निरागस आणि चाइल्डिश म्हणजे पोरकट, तसंच हे. पक्कं बसावं म्हणून मराठीतले दाखले द्यायची. ‘स्त्रीसुलभ’, ‘पुरुषोचित’ म्हटलं की शब्द सोवळ्यात जातो. ‘बायकी’, ‘पुरुषी’ म्हटलं की तोच शब्द खाली उतरतो. मुलं खूश, मी खूश.

नियम चुकीचा नव्हता, आजही कुठल्याही कोशात तो बऱ्यापैकी खरा ठरेल. पण त्या उजव्या रकान्यात एक गोष्ट उघड्यावर पडलेली होती आणि ती मला कित्येक वर्षं दिसली नाही. मॅनिश हे विशेषण पुरुषाला कुणी लावत नाही, ते बाईलाच लागतं. इफेमिनेट बाईला लागत नाही, पुरुषालाच लागतं. म्हणजे बाई पुरुषासारखी वागली तर मायनस आणि पुरुष बाईसारखा वागला तरी मायनस. मात्र दोन्ही मायनस सारखे नाहीत. पहिलीनं आपली पायरी ओलांडली असं म्हणायचं असतं, दुसऱ्यानं ती सोडली असं. लॅटिनमध्ये पुरुषाला जो शब्द आहे तो आपल्या ‘वीर’चा चुलतभाऊ, आणि त्याच्यापासून इंग्रजीत व्हर्च्यू, म्हणजे सद्गुण, आला. बाईच्या शब्दापासून इफेमिनेट आला. गर्भाशयाच्या ग्रीक शब्दापासून हिस्टेरिकल. हे सगळं मी एमएला पाठ केलं होतं, व्युत्पत्तीच्या प्रश्नात त्याला मार्कही मिळाले होते. वर्गात शिकवताना मात्र त्यातलं काहीही माझ्या कामी आलं नाही.

एका वर्षी तक्त्याचं हे पान घेत होते. इफेमिनेटपाशी आले आणि नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिलं, ‘बायकी’. मागच्या बाकांवरून एक खाकरा आला. मग पाच-सहा माना एकदम खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे बसणारा मुलगा हळू बोलायचा, हातवारे करून बोलायचा, अक्षर सुंदर होतं, आणि गॅदरिंगच्या एकांकिकेत त्यानं सासूचं काम केलं होतं. त्या कामाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या होत्या. माना वळल्या तेव्हा त्यानं वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केली. लिहिण्यासारखं त्या क्षणी काहीच नव्हतं.

आणि मी हसले. मोठ्यानं नाही. शिक्षक वर्गाचा मूड सांभाळायला हसतात तसं, ‘पुरे आता’ म्हणण्याआधीचं. मग ‘सायलेन्स’ म्हणाले आणि पुढच्या शब्दाकडे वळले.

पुढच्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये त्याला कुणीतरी ‘ए इफ्फी’ म्हणून हाक मारली. मला वाटलं, पोरांची असतात टोपणनावं. ते नाव कुठून आलं हे मला कळलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्याच क्षणी कळलं होतं. सांगलीच्या पोरांना ‘बायल्या’ हा शब्द काही नवा नव्हता, पण तो स्टाफरूमच्या कानावर पडला तर छडी बसली असती. मी त्यांना इंग्रजी शब्द दिला, जो सर्वांदेखत वापरता येत होता. अभ्यासातलाच शब्द, मॅडमनीच फळ्यावर लिहिलेला. त्या वर्षीच्या गॅदरिंगला त्या मुलानं नाटकात नाव दिलं नाही.

हे कुठे घडलं ते बघा. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली इथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं तेव्हा सीता पुरुषच होता, आणि पुढची कित्येक दशकं मराठी रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषांनीच केली. त्यांना ‘स्त्रीपार्टी’ म्हणत आणि त्या शब्दात हेटाळणी नसे, कामाचं नाव होतं ते. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचं नाव घेतलं की आजही आधी बालगंधर्व आठवतात. त्यांच्या साडीची नेसण, त्यांचे दागिने, त्यांची केसांत गजरा माळण्याची पद्धत घरंदाज बायका उचलायच्या. मी स्वतः गॅदरिंगच्या सूत्रसंचालनात दरवर्षी हा मजकूर घालायची, टाळ्या घ्यायची. त्यांच्याबद्दल ‘बायकी’ हे विशेषण माझ्या तोंडून कधी निघालं नसतं. तिकीट लावलेलं असलं की कला, आणि तिसऱ्या बाकावर बसलेलं असलं की बायकी. तक्त्यात हा फरक मांडायला रकानाच नव्हता.

पुष्कळ वर्षांनी एका जुन्या विद्यार्थ्यानं व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला, त्यात तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाचा नंबर होता. मी धीर करून फोन केला. प्रास्ताविक बरंच लांबवलं, मग त्या तासाचा विषय काढला आणि म्हणाले, तो शब्द मी तसा सांगायला नको होता. तो म्हणाला, “मॅडम, शब्द माझ्या लक्षातही नाही. इफ्फी म्हणजे काय हेसुद्धा मला नंतर कुणीतरी सांगितलं. तुम्ही हसलात ते लक्षात आहे.” मग त्यानं माझ्या गुडघ्याची चौकशी केली. फोन ठेवल्यावर वाटलं, मी शब्दाबद्दल माफी मागायला गेले होते, कारण शब्द हा माझा विषय आहे आणि त्यात मी पटाईत आहे.

*

दुसरी चूक जास्त काळ चालली आणि तिच्यात कुणी हसलं नाही, म्हणून ती चूक आहे हे कळायलाही वेळ लागला.

शिष्यवृत्तीचे अर्ज, हॉस्टेलचे प्रवेश, बाहेरच्या संस्थांचे कोर्स, सगळीकडे शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, आणि इंग्रजीची बाई म्हणून ते लिहायला माझ्याकडेच यायचे. कॉम्प्युटर आल्यावर काम सोपं झालं. जुनं पत्र उघडायचं, नाव बदलायचं, मार्क बदलायचे. एकदा घाईत एका मुलाचं पत्र हवं होतं आणि समोर एका मुलीचं उघडं होतं. म्हटलं, यातच ‘शी’चं ‘ही’ करू. ‘हर’चं काय करायचं हे कॉम्प्युटरला कळत नाही, कुठे ‘हिज’ होतं कुठे ‘हिम’, म्हणून एकेक ओळ हातानं दुरुस्त करत खाली आले. ‘ही इज सिन्सिअर, ओबीडियंट, हार्डवर्किंग अँड सॉफ्ट-स्पोकन.’

वाक्य वाचलं आणि हात थांबला. मुलगा मठ्ठ वाटत होता. प्रामाणिक, आज्ञाधारक, कष्टाळू, हळू बोलणारा: अशा मुलाला शिष्यवृत्ती कोण देईल? मी सरावानं ती चारही विशेषणं खोडली आणि ‘इंटेलिजंट, कॉन्फिडंट’ लिहिलं, ‘लीडरशिप’चं एक वाक्य घातलं. प्रिंट काढली, सही केली, मुलगा घेऊन गेला. मग खोडलेल्या चार शब्दांचा विचार डोक्यातून जाईना. मुलासाठी जे लिहायला मला लाज वाटली, ते मुलीसाठी लिहिताना मी तिचं कौतुक केलं असं मला का वाटलं होतं?

ती मुलगी आज्ञाधारक नव्हतीच. प्रिलिमच्या माझ्या पेपरात एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर येत होती, हे तिनं परीक्षेच्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं होतं. मी “बस खाली” म्हणाले तरी बसली नाही. व्याकरणाचं पुस्तक मागितलं, पान काढून दाखवलं. बरोबर तीच होती. पत्र लिहिताना मला तो प्रसंग आठवत होता आणि मी मुद्दाम ‘ओबीडियंट’ लिहिलं. तिचा तो गुण झाकला तर बरं, अशी माझी समजूत. मुलाबाबत हाच प्रसंग मी रंगवून सांगितला असता, पत्राचा पहिला परिच्छेद त्याच्यावर केला असता.

फोल्डरमधली बाकीची पत्रं उघडून पाहिली. सगळीकडे तोच प्रकार. मुली सिन्सिअर, मुलं ब्रिलियंट. मुली टीममध्ये मिसळणाऱ्या, मुलं टीम चालवणारी. लक्षात घ्या, यातला एकही शब्द मायनसच्या रकान्यातला नव्हता. सगळे डावीकडचे, माझ्याच तक्त्यात मी टिकमार्क केलेले.

याच्यावर अमेरिकेत कुणीतरी आधीच काम करून ठेवलं होतं, ते मला नंतर वाचायला मिळालं. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोघींनी एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापक-भरतीची तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली आणि २००३ साली निष्कर्ष छापले. बायकांची पत्रं आखूड निघाली, त्यांत कष्टाळूपणा नि काटेकोरपणा यांची विशेषणं जास्त. पुरुषांच्या पत्रांत संशोधनाचा उल्लेख जास्त. लिहिणारे सगळे शिकलेसवरलेले, आपण भलंच करतोय अशा समजुतीत लिहिणारे. वाचून मला थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला.

उलट बाजूचं उदाहरण कोर्टात गेलेलं आहे. ॲन हॉपकिन्स ही प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनीस कंपनीतली अधिकारी. १९८२ साली भागीदारीसाठी जी ८८ नावं आली त्यांत ती एकटी बाई होती, आणि तिनं कंपनीला मोठं सरकारी काम मिळवून दिलं होतं. भागीदारी मिळाली नाही. कुणा भागीदारानं तिला ‘माचो’ म्हटलं, कुणी शिष्टाचाराच्या शिकवणीला जायला सुचवलं. जरा बायकांसारखं चाल, बोल, नेस, मेकअप कर, दागिने घाल असा सल्ला मिळाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली असल्या ठोकळेबाज अपेक्षांवर नोकरीतले निर्णय घेणं हा भेदभाव ठरवला. मी ज्याला ‘कॉन्फिडंट’ लिहून मुलाच्या पत्रात घालत होते, तेच बाईच्या अंगावर आलं की ‘ॲग्रेसिव्ह’ होतं. हॉपकिन्सला ओबीडियंट म्हणणारं पत्र मिळालं असतं तर तिला भागीदारीच्या यादीत तरी कुणी घातलं असतं का, कोण जाणे.

आता स्वतःचंही सांगते. स्टाफरूममध्ये मला ‘खमकी’ म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. आमच्या साताऱ्याकडे हा मानाचा शब्द आहे. पण तेवढ्याच कडकपणे वर्ग चालवणाऱ्या सरांना कुणी खमके म्हणत नव्हतं, ते ‘शिस्तीचे’ होते. त्यांचा कडकपणा कामाचा भाग होता, माझा स्वभावाचा.

त्या मुलीला ती शिष्यवृत्ती मिळाली नाही. माझ्या पत्रामुळे, की अर्जच जास्त आले म्हणून, हे शोधायला वाव नाही. मी तिला पत्राचं काही सांगितलेलं नाही. ती दिवाळीला भेटायला येते, पेढे आणते, आणि मी ते खाते.

*

लग्नाच्या बायोडेटाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नुकसान माझ्या ऐटीचंच झालं. नात्यातल्या मुलींचे इंग्रजी बायोडेटा मी करून द्यायची आणि प्रत्येकीला ‘होमली’ करायची. घर सांभाळणारी, घरात रमणारी. न्यू जर्सीच्या एका स्थळानं तो कागद तिथे वाढलेल्या मुलाला दाखवला, तर त्यानं विचारलं, मुलगी दिसायला बेताची आहे हे वधूपक्षच लिहून का कळवतोय? अमेरिकेत होमली म्हणजे सुमार रूपाची. इंग्लंडमध्ये साधं, उबदार. आपल्या वधूवर सूचक मंडळांमध्ये तिसरंच. स्थळ जमलं नाही, पण आत्याबाई अजूनही मला समारंभात गाठून “होमली कशी आहेस?” विचारतात. आज खटकतं ते वेगळंच. एवढे बायोडेटा लिहिले, त्यात एकाही मुलाला मी घरात रमणारा लिहिलं नाही. तसं मागितलंच नव्हतं कुणी.

*

आता नकुशीचं. याबद्दल लिहू की नको असं बराच काळ चाललं होतं.

माझं माहेर साताऱ्याचं. २२ ऑक्टोबर २०११ ला, दिवाळीच्या तोंडावर, साताऱ्यात २८५ मुलींचा नामकरण सोहळा झाला. या मुलींची नावं नकुशी, नकोशी, नकुसा अशी होती. ‘आता मुलगी नको’ म्हणून ठेवलेली. त्या दिवशी त्यांनी स्वतः निवडलेली नवी नावं घेतली, नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं घेतली. त्या वर्षीच्या जनगणनेच्या पहिल्या आकड्यांत सातारा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८८१ मुली होत्या, त्यामुळे बातमी जगभर गेली. विशेषणाचंच नाव झालेलं आणि तेही आयुष्यभराचं, असं उदाहरण मला इंग्रजीत ठाऊक नाही.

पुढे बाहेरगावच्या एका इंग्रजी नियतकालिकाला या मुलींवर मोठा लेख करायचा होता. दुभाषी हवी होती, ओळखीतून माझं नाव गेलं. आम्ही एका गावातल्या शाळेत गेलो. नवं नाव घेतलेली एक मुलगी आता वरच्या वर्गात होती. लेखिकेनं इंग्रजीत विचारलं, हिचं आधीचं नाव काय होतं? मी ते मराठीत विचारलं, भर वर्गात, सगळ्यांसमोर. मुलीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या बाकावरच्या एका चुणचुणीत पोरानं “मला म्हाईत हाय” म्हणून ते नाव सांगून टाकलं. शेजारच्या वाडीवरून येणाऱ्या दोघी-तिघींना ते ठाऊक नसावं. त्या वळून बघायला लागल्या. एवढ्या खटाटोपानं, कागदोपत्री, सरकारी शिक्क्यानिशी पुसलेलं नाव मी पाच मिनिटांत परत आणलं होतं. प्रश्न माझा नव्हता, मी फक्त भाषांतर केलं, असं म्हणायची सोय आहे. पण “बाहेर बोलू या का?” एवढं मराठी मला येत होतं.

मग त्या मुलीच्या घरी तिच्या आईशी बोलणं झालं. अनवॉन्टेड हा शब्द माझ्या वहीत आधीच लिहून तयार होता. सगळ्या बातम्यांत तोच होता. आई म्हणाली, “तिला न्हाय ओ म्हनलं नको. देवाला म्हनलं, आता पोरी नगंत.” मी मान डोलावली आणि लेखिकेला सांगितलं, शी सेज द गर्ल वॉज अनवॉन्टेड. आई जे बोलली त्याच्या बरोबर उलटं. तिचं म्हणणं मला पटलं होतं का? पूर्ण नाही. हाक तर त्या पोरीलाच मारायची होती, देवाला नाही, आणि शाळेच्या हजेरीपटावरही तेच नाव चढलं. पण तिचं म्हणणं सांगणं हे माझं काम होतं, तपासणं लेखिकेचं. मी मधल्यामध्ये निकाल देऊन मोकळी झाले, कारण माझ्याकडे तयार शब्द होता.

त्या तयार शब्दात आणखी एक खोट आहे. अनवॉन्टेड म्हटलं की कुणाला नको, हे सांगावं लागत नाही. आजोबाला? बापाला? बारशाला नाव सुचवणाऱ्या आत्याला? विशेषण मुलीच्या गळ्यात पडतं आणि नको म्हणणारा वाक्यातून पसार होतो. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ च्या मार्चमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले तेव्हा सगळ्या राज्यानं ‘नकोशी’ हा शब्द पुन्हा भरपूर वापरला. नको म्हणणाऱ्यांसाठी तेव्हाही विशेषण निघालं नाही.

हे एकदा दिसायला लागलं की जिकडे तिकडे दिसतं. नवऱ्यानं सोडलेल्या बाईला आपल्याकडे ‘टाकलेली’ म्हणतात, बरं दिसावं म्हणून ‘परित्यक्ता’. टाकणाऱ्याला काय म्हणतात? काही नाही. वाळवा तालुक्यातल्या कासेगावात इंदुताई पाटणकर, गेल ऑम्व्हेट यांच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीनं या बायकांचा प्रश्न लावून धरला. अशा बायकांना घर आणि जमीन स्वतःच्या नावावर मिळावी, ही मागणी होती. विशेषण बदलून द्या अशी मागणी कुणी केली नव्हती, हे मला त्यातलं विशेष वाटतं. उलट २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा विषय निघाला. गं. भा. हे तर लग्नपत्रिकांवर पिढ्यान्‌पिढ्या छापत आलोय. संतापाच्या प्रतिक्रिया आल्या आणि बोलणं थांबलं. विधुर माणसाच्या नावामागे लावायला एखादी पवित्र नदी कुणी सुचवली नाही.

*

त्याच वर्षी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं स्त्री-पुरुषांबद्दलच्या ठोकळेबाज भाषेवर एक पुस्तिका काढली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. स्पिन्स्टर लिहू नका, अविवाहित स्त्री लिहा. करिअर वुमन नको, नुसतं स्त्री. हाउसवाइफऐवजी होममेकर. हिणवण्यासाठी इफेमिनेट वापरू नका. मी ती उत्साहानं उतरवून घेतली आणि पाहते तर दोन रकाने. एकीकडे वापरू नये असे शब्द, दुसरीकडे वापरावेत असे. माझाच तक्ता, शिक्का तेवढा मोठा.

निकालपत्रासाठी ही पुस्तिका उपयोगाची आहे यात मला शंका नाही. तिथे बोलणारं एक न्यायालय असतं आणि त्याचा एक शब्द खालपर्यंत झिरपतो. पण माझ्या शिफारसपत्रांतला एकही शब्द त्या यादीत सापडला नसता. आणि यादीत जाण्याजोगे शब्द तरी कुठे एका जागी बसतात? वुमनिश हा मी डोळे मिटून उजवीकडे टाकलेला शब्द. अमेरिकन लेखिका ॲलिस वॉकर हिनं १९८३ च्या आपल्या पुस्तकात ‘वुमनिस्ट’ या शब्दाचं मूळ त्याच्यातच दाखवलं, कारण तिच्याकडच्या काळ्या आया लेकींना वुमनिश म्हणत ते धिटाईला उद्देशून, वयापेक्षा मोठं होऊन सगळं जाणून घ्यायच्या हव्यासाला उद्देशून. रागावणंही त्यात आणि कौतुकही. वाचताना मला माझी आजी ऐकू आली. “लई शानी झालीयास” हे ती मला दिवसातून कैकदा म्हणायची, कधी पाठीत धपाटा घालून, कधी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं. ‘शानी’ प्लस की मायनस, हे मी तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखायची. तेवढी अक्कल मला आठव्या वर्षी होती. बीएड झाल्यावर गेली.

तक्ता मी वापरायचं बंद केलं, तरी तो बंद झालेला नाही. विश्रामबागच्या एका झेरॉक्सवाल्याकडे त्याची प्रत आहे आणि दर जूनला ती खपते, असं मला एका विद्यार्थ्यानंच सांगितलं. आता शिकवते तेव्हा मी विशेषण एकटं देत नाही. कोण, कुणाला, कुणासमोर म्हणालं, तेवढं तरी मुलांना लिहायला लावते. वेळ फार जातो, पोर्शन मागे पडतो, पालकांचे फोन येतात. त्यांच्या जागी मीही केला असता.

आणि तरीही मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी सीव्ही घेऊन आली. पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखत होती. स्वतःबद्दलच्या ओळीत तिनं ‘असर्टिव्ह’ लिहिलं होतं आणि ती तशी आहेच. मी पेन्सिल घेतली आणि म्हणाले, तिथे ‘को-ऑपरेटिव्ह’ कर. “का, मॅडम?” ती म्हणाली. मी म्हटलं, नोकरी लागू दे आधी. तिनं माझ्यासमोर ते खोडलं. घरी जाऊन पुन्हा मूळचंच लिहिलं, हे तिनं नोकरी लागल्यावर फोनवर सांगितलं, आणि पुढे म्हणाली की मुलाखत घेणाऱ्यांनी ती ओळ वाचलीच नसावी, त्यांनी फक्त नाइट शिफ्ट चालेल का आणि लग्न कधी करणार, एवढंच विचारलं.